शाळेतला मातीचा तास: गणवेश मळण्यापलीकडे काही होतं का?

दुपारचा_चहा | गुरुवार, रात्री १०:४०

नमस्कार मंडळी. एरवी मी वाचनमात्र, पण आज लिहायलाच लागतंय कारण आमच्या शाळेच्या पालक ग्रुपवर सकाळपासून महाभारत चालू आहे.

मुलगा दुसरीत. पुण्यातली साधी मराठी शाळा, नाव सांगत नाही. यंदा चित्रकलेच्या नवीन बाई आल्यात, त्यांनी दर गुरुवारी एक तास मातीकाम सुरू केलं. भिजवलेली शाडू, प्रत्येकाला एक गोळा, करा काय करायचं ते. विषय नाही, स्पर्धा नाही, मार्क नाहीत. तीन गुरुवार झाले आणि ग्रुप पेटला. पांढऱ्या शर्टाचं काय करायचं, सर्दी झाली तर जबाबदार कोण, त्या तासाला अबॅकस घ्या ना, आणि एका बाबांनी तर लिहिलं की फी काय चिखलात खेळायला भरतो का आम्ही. शनिवारी मीटिंग आहे. मुख्याध्यापकांचा कल असा दिसतोय की शाडू बंद आणि प्रत्येकाने घरून रंगीत क्लेचं पाकीट आणायचं, म्हणजे कुणाचंच काही म्हणणं नको.

माझं निरीक्षण सांगते. आमचं कार्टं एका जागी दहा मिनिटं बसत नाही, लिहायला बसवलं की खोडरबराचे तुकडे करतो. पहिल्या गुरुवारी घरी आला तो रुमालात काहीतरी गुंडाळून. मला तो सरळ सरळ बटाटा दिसला. तर म्हणे हा कुत्रा आहे, झोपलाय. मी म्हटलं पाय कुठेत? "पोटाखाली घेतलेत ना, थंडी वाजतेय त्याला." बाई म्हणाल्या पूर्ण तास जागचा हलला नाही!

मला हे आवडलंय, पण मीटिंगमध्ये "मला आवडलंय" म्हणून चालणार नाही. कुणाला खरा अनुभव आहे का? गूगलवर "माती खेळण्याचे १५ फायदे" छापाचं भरपूर मिळालं, ते नकोय.

सरळमार्गी | गुरुवार, रात्री ११:०५

कडू वाटेल पण लिहितो. ते १५ फायदे मीही वाचलेत. एकाग्रता, आत्मविश्वास, मेंदूचा विकास, ताणमुक्ती... योगासनं, अबॅकस आणि तबला, तिघांच्याही जाहिरातीत हीच यादी असते, फक्त वरचं चित्र बदलतं. मुलाला मजा येते एवढं कारण पुरेसं नाही का? त्याला मेंदूचा विकास कशाला चिकटवायचा?

दुसरं म्हणजे वर्गात ४०-५० पोरं, एक बाई, नळाला पाणी सकाळीच. मातीचे हात घेऊन ५० पोरं बेसिनवर गेली की बेसिन तुंबलंच समजा. आमच्या मुलीच्या शाळेत हे झालंय, प्लंबर आला, पाईपमधून लाडूएवढे गोळे निघाले. मातीकाम तिथेच संपलं.

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ६:१५

सरळमार्गी साहेब, बेसिन तुंबलं कारण हात बेसिनमध्ये धुतले. मी सातारा जिल्ह्यात जि.प. शाळेवर आहे, आमच्याकडं बेसिनच नाही त्यामुळं हा प्रॉब्लेम आलाच नाही :) दोन बादल्या ठेवायच्या. पहिल्या बादलीत हात खळबळायचे, दुसऱ्या बादलीत धुवायचे. पहिल्या बादलीतला गाळ दुसऱ्या दिवशी खाली बसतो, वरचं पाणी झाडांना आणि खालची माती परत डब्यात. एक चिमूटभर वाया जात नाही.

ताई, तुमच्या मीटिंगसाठी माझ्याकडं एकच गोष्ट आहे पण ती नीट सांगतो, जरा लांबेल.

बेंदराच्या (आमच्याकडचा बैलांचा सण, पोळ्यासारखा) आधी आठवडाभर आमची पहिली-दुसरीची पोरं मातीचे बैल करतात. माती विकत आणत नाही. ओढ्याच्या कडेला जाऊन पोरंच आणतात, आणि खरा धडा तिथंच सुरू होतो बघा. कुठली माती चालंल ते ठरवायचं कसं? ओली करायची, तळहातावर वळून शेवयीसारखी लांब करायची आणि बोटाला गुंडाळायची. तडे गेले की ती माती नापास. हे मी शिकवलं नाही, गावातल्या कुंभारआजोबांनी एका पोराला दाखवलं आणि त्याने वर्गाला. मग खडे वेचायचे, चाळायची, भिजत घालायची, दोन-तीन दिवस ओल्या गोणपाटाखाली ठेवायची. पोरं रोज येऊन गोणपाट उचलून बघतात, पाव्हणा उठला का बघितल्यागत.

मग बैल. आता गंमत अशी की पोरगं चार पाय बारीक करतं, कारण बैलाचे पाय बारीक असतात हे त्याने बघितलंय. वर भलं मोठं अंग ठेवलं की बैल बसलाच. पुन्हा केला, पुन्हा बसला. मी काही बोलत नाही, अवघड असतं पण बोलत नाही. मग वर्गात चार-पाच तऱ्हेचे बैल तयार होतात. एकाने पाय हत्तीसारखे जाड केले, एकाने आत काड्या घातल्या (सुकताना माती आकसली आणि काडीपाशी फुटली, ते त्याला दोन दिवसांनी कळलं), एकाने अंगच लहान केलं. आणि मागच्या वर्षी एका पोरीने बैल बसलेलाच केला, वर मलाच म्हणती, "गुरुजी, दिवसभर औत ओढून दमलाय." तुमचा थंडीतला कुत्रा वाचून तीच आठवली.

वह्यापुस्तकात चूक केली की लाल रेघ. इथं बैल पडला की मास्तरचा काही संबंध नाही, बैल सांगतो चुकलं म्हणून, आणि मोडून परत करायला पैसा लागत नाही कागद लागत नाही. हे मला दुसऱ्या कुठल्या तासात सापडलेलं नाही, कागदावरच्या चित्रात पण नाही, कारण कागद खोडून खोडून फाटतो.

खडूफळा | शुक्रवार, सकाळी ६:३२

अजून एक राहिलं. डीएडला पियाजे शिकलो होतो, स्वित्झर्लंडचा मानसशास्त्रज्ञ, तेव्हा पाठ करून परीक्षा दिली. नोकरीला लागल्यावर एकदा करून बघितलं. मातीचे दोन सारखे गोळे घेतले, पहिलीतल्या पोराला विचारलं सारखे आहेत का, तो हो म्हणाला. त्याच्यासमोरच एका गोळ्याचा लांब साप केला. आता माती कशात जास्त? "सापात." का? "लांब हाय की." परत गोळा केला, आता? "सारखी." परत साप केला. "सापात जास्त." जराही गडबडला नाही! तोच प्रश्न तिसरीतल्या बहिणीला विचारला तर तिने माझ्याकडं असं बघितलं की मास्तर बरा हाय ना, आणि म्हणाली, "तुम्ही नवी माती टाकलीच नाही तर जास्त कुठनं होईल?"

साधारण सात-आठ वर्षांच्या आसपास हे डोक्यात बसतं. आता मातीकामामुळं ते लवकर बसतं असं मी म्हणणार नाही. पण पुढं वजन-मापं आणि क्षेत्रफळ शिकवायला लागल्यावर ज्या पोराने गोळ्याचा साप आणि सापाचा गोळा शंभरदा केलाय त्याच्याशी बोलायला माझ्याकडं काहीतरी असतं.

दुपारचा_चहा | शुक्रवार, सकाळी ९:२०

गुरुजी __/\__ बादलीची आयडिया आजच बाईंना पाठवते. सापाचा प्रयोग चहा व्हायच्या आत लेकावर केला. कणकेच्या गोळ्यांनी. "सापात जास्त" म्हणाला!! वय साडेसात. ठीके, अजून वेळ आहे :D

बोटं_मोजा | शुक्रवार, दुपारी १:४५

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, म्हणजे लिहिणं, बटण लावणं अशी रोजची कामं जमायला मदत करते, आणि मुलांबरोबरच काम करते, त्यामुळे इथे लिहिणं भाग आहे. सरळमार्गी यांच्याशी अर्धी सहमत. माती म्हणजे जादू नाही. माझ्याकडे पालक येतात, "अक्षर खराब आहे, क्ले देऊ का?" म्हणतात. द्या, पण दोन आठवड्यांत अक्षर मोत्यासारखं होईल ही अपेक्षा ठेवू नका.

मग होतं काय? मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मतः ती सगळी कूर्चाच (नाकाच्या शेंड्यासारखी मऊ) असते, मग एकेक करत हाड तयार होत जातं आणि शेवटचं हाड व्हायला साधारण ९ ते १२ वर्षं लागतात. म्हणजे दुसरीतल्या मुलाचा हात अजून बांधकाम चालू असलेल्या घरासारखा आहे, आणि आपण त्याच्याकडून चार रेघांत पानभर शुद्धलेखन मागतो. पेन्सिल धरायला तीन बोटांची पकड लागते, अंगठ्याच्या मुळाशी जोर लागतो, मनगट स्थिर लागतं. माती दाबताना, चिमटीने ओढताना, वळताना हेच स्नायू कामाला लागतात, आणि मुख्य म्हणजे दोन्ही हात वेगवेगळं काम करतात, एक धरतो एक घडवतो. टॅबवर एक बोट सरकवून यातलं काहीही होत नाही.

माती आणि क्ले यांतला फरक मीटिंगमध्ये जरूर सांगा, कारण "रंगीत पाकीट आणा" म्हणणाऱ्यांना दोन्ही एकच वाटतं. रंगीत क्ले, ज्याला आपण सरसकट प्लॅस्टिसिन म्हणतो, ती तेलकट असते, सुकत नाही. १८९७ मध्ये इंग्लंडमधल्या बाथ शहरातल्या हार्बट नावाच्या कलाशिक्षकाने ती केली, विद्यार्थ्यांना न सुकणारी माती हवी होती म्हणून. ती वाईट नाही, उलट थंडीत कडक होते तेव्हा बोटांना चांगला व्यायाम असतो. पण पाकिटात बोटाएवढी कांडी येते. त्यात मूल दोन बोटांनी फूल करतं. गोळा नारळाएवढा असला की खांद्यापासून जोर लावावा लागतो, उभं राहावं लागतं. मला विचाराल तर मातीचा सगळ्यात मोठा फायदा ती स्वस्त आहे म्हणून भरपूर देता येते हाच आहे.

दोन सूचना. काही मुलांना ओलं-चिकट हाताला लागलेलं अजिबात सहन होत नाही, अक्षरशः रडतात. ते नखरे नसतात. त्यांचे हात धरून चिखलात घालू नका, काडी द्या, चमचा द्या, जरा सुकी माती द्या, हळूहळू येतात. आणि तास संपल्यावर सुकलेली माती झाडूने झाडू नका, ओल्या फडक्याने पुसा. मातीची बारीक धूळ नाकातोंडात जाणं चांगलं नाही, तिच्यात सिलिका असते. सर्दीची काळजी असलेल्या पालकांना एवढं सांगा, पाण्याने सर्दी होत नाही पण धूळ खरंच टाळायला हवी.

एडिसनकर | शुक्रवार, संध्या. ७:१०

अवांतर: आमच्या इकडे अमेरिकेत ज्या प्ले-डोशिवाय (मऊ रंगीत पिठाचा खेळायचा गोळा) पोरांचं पान हलत नाही तो मुळात भिंतीच्या वॉलपेपरवरची कोळशाची काजळी पुसायचा गोळा होता. सिनसिनाटीची कंपनी. घरोघरी कोळशाच्या शेगड्या बंद व्हायला लागल्या, धंदा बसला, मग एका बालवाडीच्या बाईंनी तो मुलांना खेळायला दिला आणि १९५६ च्या सुमारास त्याचं खेळणं झालं.

बाकी आमच्या मुलीच्या शाळेत आर्ट रूमलाच इलेक्ट्रिक भट्टी आहे, वर्षातून एकदा भाजलेली रंगीत वाटी घरी येते. आमच्याकडे अशा वाकड्या वाट्या पाच झाल्यात, एकीत चिल्लर, एकीत किल्ल्या, बाकीच्यांत काय ठेवायचं विचार चालू आहे.

चाकावरचा | शुक्रवार, रात्री ९:५०

सगळे प्रतिसाद वाचले. मी कुंभाराच्या घरातला. आजोबांचं चाक होतं, वडिलांनी काही वर्षं चालवलं, मी आयटीत.

आधी तांत्रिक. शाडू भाजायची नसते. गणपती करतात ते सावलीत सुकवून रंगवतात, पाण्यात सोडला की परत माती. म्हणून शाळेला शाडू बेस्ट, आवडलं नाही की भिजत टाका. ही बरीचशी गुजरातेतून येते, आणि पेणला सीझनमध्ये गेलात तर गोणीच्या गोणी दिसतील. भाजायचं असेल तर कुंभाराची माती आणा, आमच्यात तिच्यात राख आणि घोड्याची लीद मिसळायचे. लीद जळून गेली की आत बारीक बारीक पोकळी राहते आणि मडकं पाझरतं, म्हणून पाणी गार. शाळेत लीद म्हटल्यावर तुमच्या ग्रुपवर काय होईल ते मला दिसतंय, तेव्हा ते राहू दे.

भाजणार असाल तर भरीव काही करू नका. बाहेरून खडखडीत वाळलेलं दिसतं पण पोटात ओल असते. आव्यात (मडकी भाजायच्या भट्टीत) ताव वाढला की त्या पाण्याची वाफ होते, तिला वाट मिळाली नाही की वस्तू फुटते, आणि एकटी फुटत नाही, शेजारच्या चार घेऊन जाते. आजोबा आवा लावला की रात्रभर तिथेच बसायचे. आत "फट्" झालं की काही न बोलता एक बोट दुमडायचे. सकाळी आवा उघडल्यावर दुमडलेली बोटं आणि फुटलेली मडकी मोजली की बहुतेक वेळा जमायचं.

आता जे लिहायचं होतं ते. मी चौथीत होतो तेव्हा शाळेत कार्यानुभवाला मातीकाम होतं. बाईंनी सगळ्यांना फळं करायला सांगितली. माझा आंबा चांगला झाला, हातातच होतं ते. बाई म्हणाल्या, "तू कुंभाराचाच ना, तुला काय येणारच." वर्ग हसला. त्यानंतर मी वर्षभर मुद्दाम वाकडं केलं. बाईंचा हेतू वाईट नसेल, पण आजही तो आंबा आठवला की कानशिलं गरम होतात. आज तीच माती पॉटरी म्हणून वीकेंडला हजारो रुपये देऊन शिकतात लोक, मला राग नाही, गंमत वाटते.

तर सांगायचं असं की २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या मुलांना १० दिवस दप्तराविना स्थानिक कारागिरांकडे शिकायला पाठवायचं म्हटलंय, त्यात सुतार, माळी यांच्याबरोबर कुंभार स्पष्ट लिहिलाय. तुमची शाळा कुंभाराला बोलवेल तेव्हा त्याला "प्रात्यक्षिक दाखवायला या" म्हणून फुकट बोलवू नका. खुर्ची द्या, सर म्हणा, आणि मानधन पाकिटात घालून द्या. वर्गात एखादं आमच्यासारखं पोर असेल तर ते बघत असतं.

सरळमार्गी | शुक्रवार, रात्री १०:१५

चाकावरचा, तुमचा प्रतिसाद दोनदा वाचला. बेसिनचा मुद्दा गुरुजींनी सोडवलाच. १५ फायद्यांबद्दल मी अजून तिथेच आहे, पण या धाग्यावर तसं कुणी लिहिलेलं नाही हेही खरं.

वडाची_पारंबी | शनिवार, सकाळी ७:३०

मी निवृत्त बालवाडी शिक्षिका. रंगीत पाकिटाचा आग्रह धरणाऱ्यांना डहाणूजवळच्या कोसबाडबद्दल सांगा. ताराबाई मोडक आणि गिजुभाई बधेका या बालशिक्षणातल्या दोघांनी १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ काढला तेव्हा मॉंटेसरीची साधनं महागडी होती. पुढे ताराबाई १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना तिथे येऊन मिळाल्या, मग कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी काम उभं राहिलं. तिथे विकतची साधनं आणणार कुठून? माती, शंख-शिंपले, बिया, पानं, काड्या हीच साधनं झाली. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणातच शाळा भरवली. गरिबी होती म्हणून असं केलं असं लोक म्हणतात, मला ते अर्धवट वाटतं. मुलाच्या हाताला रोज लागणारी वस्तूच शिकायची वस्तू व्हावी हा विचार त्यामागे होता.

एक तक्रार मात्र करते. आजकाल गणपतीच्या आधी शाळाशाळांतून कार्यशाळा होतात. साच्यात माती दाबायची, उघडली की गणपती तयार, वीस मिनिटांत साठ मुलांचे साठ सारखे गणपती, फोटो, संपलं. माझ्या नातीने आणला. मी विचारलं सोंड कशी केलीस गं? म्हणाली, "साच्यातून आली." यापेक्षा तो झोपलेला कुत्रा बरा.

एडिसनकर | शनिवार, सकाळी ८:०५

काकू, थोडा असहमत. आम्ही इथे मंडळात साच्यानेच करतो, नाहीतर घरी ठेवण्यासारखी मूर्ती होत नाही आणि मुलं हिरमुसतात. पूजेचा गणपती आणि मातीकाम दोन वेगळ्या गोष्टी आहेत असं समजावं.

वडाची_पारंबी | शनिवार, सकाळी ८:४०

हं. तेही खरं. पण मग त्याला कार्यशाळा म्हणू नका बाबा.

अवांतर, गुरुजींच्या बैलावरून आठवलं. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगावला उत्खननात मातीचा बैल सापडलाय, तीन हजार वर्षांहून जुना, सोबत बिनडोक्याची देवीची मूर्ती. त्याचेही पाय आखूडच आहेत!

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री ९:००

मीटिंग झाली. थोडक्यात सांगते.

शाडू चालू राहणार. अबॅकसवाले बाबा आलेच नाहीत, ग्रुपवर वाघ असलेले बरेच जण आले नाहीत. बादलीची पद्धत मुख्याध्यापकांना एकदम पटली, प्लंबरचा खर्च वाचतोय म्हटल्यावर. शर्टाचं असं ठरलं की प्रत्येकाने बाबांचा जुना शर्ट उलटा घालायचा, बटणं पाठीवर. मनगटाच्या हाडांचं सांगितलं तेव्हा एक डॉक्टर पालक होते त्यांनी मान डोलावली, तिथे अर्धी लढाई जिंकली. ओल्या फडक्याने पुसायला मावशींऐवजी मुलंच पुसणार.

एका गोष्टीवर हरले. वर्षअखेर प्रदर्शन भरवायचं ठरलंय आणि पहिल्या तिघांना बक्षीस. बाई आणि मी दोघी नको म्हणत होतो, पण बहुमत. आता घरोघरी आईबाबा रात्री जागून ताजमहाल करणार, मला आत्ताच दिसतंय.

चाकावरचा, तुमचं मानधनाचं मी नाव न घेता वाचून दाखवलं. एक मिनिट कुणी बोललं नाही. मग एक आई मागून म्हणाली, आमच्या घरी चाक आहे, सासरे येतील. तिचा मुलगा माझ्या लेकाच्याच वर्गात आहे आणि मला हे आजवर माहीतच नव्हतं.

चाकावरचा | शनिवार, रात्री ९:२५

वाचून बरं वाटलं. त्या आजोबांना पहिलाच तास दुसरीचा देऊ नका, आधी मोठ्यांचा द्या. दुसरीची पोरं चाकात बोटं घालतात.

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री ९:३१

नोटेड :) आता एक लेकाचा प्रश्न, तो इथे बाजूला बसून लिहायला लावतोय. कुत्र्याची शेपटी सुकली की गळून पडते. तीनदा चिकटवली, पाणी लावून, नंतर फेविकॉल लावून.

चाकावरचा | शनिवार, रात्री ९:४०

फेविकॉल नको. सुकलेल्या अंगाला ओली शेपटी लावली की शेपटी नंतर आकसते आणि सुटते. दोन्ही ओलं असतानाच जोडायचं. दोन्हीकडे काडीने चरे पाडायचे, दह्याइतका पातळ चिखल मध्ये लावायचा आणि दाबायचं. पण खरं म्हणजे त्याला सांगा शेपटी चिकटवूच नको, अंगातूनच चिमटीने ओढून काढ. आणि बारीक नको, जाड ठेव.

दुपारचा_चहा | शनिवार, रात्री ९:४४

सांगितलं. म्हणतोय मग ती पण पोटाखालीच घेतो.